पाच फुटांचे पावणेचार

॥ श्री ॥

कोल्हापूर,
रविवार, ४ फेब्रुवारी १९७९

चि. त्र्यंबक यास कालिंदीचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तिकडचे तू मेल्या कधी कळवत नाहीस, म्हणून ठीकच असेल असे धरून चालते.

पत्र लांबेल, चहा घेऊन बस. आमच्या नदीमोजणी ऑफिसात सोमवारी बाँब पडला. साहेबांनी, म्हणजे गणपतरावांनी, आम्हा चौघा हंगामी गणकांना आत बोलावलं आणि त्यांच्या नेहमीच्या ठसक्यात सांगितलं की, हातानं आकडेमोड करायचं दिस संपलं, आता पुण्याचं कंप्युटर यंत्र करणार हाय, आन् यंत्राला काम सांगता येईल त्योच हितं ऱ्हाईल. बाकीच्यांना भंडाऱ्याच्या ऑफिसात जागा आहे म्हणे. जागा आहे हे खरं, पण भंडारा कुठं आणि कोल्हापूर कुठं! नकाशात दोन्हीकडं बोट ठेवून बघितलं.

जानेवारीत आमचा फोरट्रान नावाच्या, यंत्राला काम सांगायच्या भाषेचा पंधरा दिवसांचा वर्ग झाला ते तुला ठाऊकच आहे. आता परीक्षा म्हणून प्रत्येकानं एक आज्ञावली लिहायची, ती पुण्याच्या यंत्रावर चालवून आणायची आणि पंधरा एप्रिलच्या आत बरोबर छापील तक्ता साहेबांपुढं ठेवायचा. प्रत्येकाला यंत्राच्या तीनच पाळ्या. तू त्याच गणक केंद्रात काम करतोस हे मी साहेबांना आधीच सांगून टाकलं, उगाच मागून कुजबुज नको. ते म्हणाले की भावाकडंच पाठीव की, पर लिव्हणं तुझं पायजे.

काम ऐकून हसशील. नदी इथं कोल्हापुरात खुणेच्या वर जितके फूट चढते, त्याच्या पाऊणपट ती खाली शिरोळकडं भाऊसोच्या गावात चढते, असा आमच्या ऑफिसचा जुना ठोकताळा आहे. (भाऊसो म्हणजे तिथल्या घाटावरची मोजपट्टी वाचून आम्हाला कळवणारा आमचा माणूस.) तर इथं चार फुटांपासून चाळीस फुटांपर्यंत पाणी चढलं तर तिथं किती, एवढाच सदतीस ओळींचा तक्ता. चौथीतलं पोर करील. पण हा जमला की मग साठ गावांचे तक्ते यंत्रावर करायचेत.

तात्यांची तब्येत तशीच. गेल्या वर्षीच्या संक्रांतीनंतर उजवं अंग आणि वाचा गेली, ती गेलीच. तीस वर्षं गूळ बाजारात मापाडी म्हणून काट्याशेजारी उभं राहून ज्यांनी खणखणीत आवाजात वजनं पुकारली, त्यांच्या तोंडून वर्षभरात एक शब्द नाही. सकाळ-संध्याकाळ मी त्यांना उचलून बसवते, हाताची बोटं चोळते, उघडझाप करून घेते. माईच्या कंबरेला ते झेपत नाही. मी भंडाऱ्याला गेले तर त्यांना कोण उचलणार, हे मला रोज भात कालवताना आठवतं. तुम्ही चौघं एका खोलीत राहता, तुला टोचायला हे लिहीत नाही. पण माझं सगळं या सदतीस ओळींवर टांगलंय, हे तुला माहीत असलेलं बरं.

आज्ञावलीचा कागद सोबत आहे. माई विचारते आहे की, यंत्राला रविवारी सुट्टी असते का, आणि नसली तर तुला तरी असते का.

तुझ्यावर रोजच्यासारखीच रागावलेली आणि तितकीच माया असलेली,
कालिंदी

———

पुणे,
१५ फेब्रुवारी १९७९

ती. आक्कास त्र्यंबकचा शिरसाष्टांग नमस्कार. ती. माई व तात्यांस तोच.

तुझी आज्ञावली काल यंत्रावर चढली. एकेक ओळ एकेका कार्डावर छिद्रं पाडून मीच उतरवली, एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. यंत्रानं न कुरकुरता सगळी कार्डं गिळली, तेव्हा मी जरा ताठ मानेनं उभा होतो. मग छापील कागद बाहेर आला. आक्का, सोबत पाठवतो आहे, पण आधी खाली बस. सदतीसच्या सदतीस ओळींत शून्य! इथं चार फूट चढो की चाळीस, भाऊसोच्या गावात पाण्याचा थेंब नाही. गावकरी तुझा सत्कार करतील.

हसून घेतलं, आता खरं सांगतो. कार्डं पाडतानाच मला चूक दिसली होती. पण आमच्या केंद्राचा नियम कडक आहे, कागदावर असेल तेच पाडायचं, चूक दिसली तरी हात लावायचा नाही. आणि साहेब म्हणालेत ना, की लिहिणं तुझं हवं? म्हणून नुसती खूण सांगतो. पूर्ण आकड्याला पूर्ण आकड्यानं भागलं की यंत्र उत्तरही पूर्णच देतं. सात लाडू दोघांत वाटायला दिले तर तीन-तीन देतं आणि उरलेला टाकून देतं. आपल्यासारखा मोडून अर्धा-अर्धा देत नाही. आणि गुणाकार-भागाकार एका ओळीत आले की डावीकडून एकेक करत सुटतं. आता तुझी ओळ पुन्हा वाच.

तात्यांचं वाचून वाईट वाटतं. मी इथं काय करतो आहे असंही वाटतं. पण ते पुढं कधीतरी.

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारा धाकटा,
त्र्यंबक

———

कोल्हापूर,
१९ फेब्रुवारी १९७९

चि. त्र्यंब्यास (आज हेच नाव) आशीर्वाद, पण अर्धेच.

दिसली होती आणि तशीच चालवलीस? माझ्या तीनातली एक पाळी गेली की रे! ऑफिसात कृष्णात म्हणून एक गणक आहे, त्यानं माझे सदतीस भोपळे सगळ्यांना दाखवले आणि विचारलं की, बाई, शिरोळात दुष्काळ जाहीर करायचा काय. मी त्याला काय उत्तर दिलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. रात गेली, राग गेला, आता तुझंच बरोबर वाटतंय. पण हे तू माईला कळवू नकोस.

चूक कळली. मी काय केलं होतं, तर तीन भागिले चार, गुणिले पाण्याचे फूट. का, तर मला पाऊणकी तशीच येते. लहानपणी मी तात्यांच्या काट्याजवळ गुळाच्या ढेपेवर बसायची आणि ते माझ्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी असे पाव-अर्ध्या-पाऊणचे पाढे घोकून घ्यायचे. माझ्या डोक्यात पाऊण म्हटलं की एक सबंध वस्तू उभी राहते, मग तिच्या कितीपट ते. यंत्राला पाऊण नावाचं काही ठाऊकच नाही. त्यानं डावीकडून तीनाला चारानं भागलं, एक सबंध भाग कुणाला येईना, म्हणून शून्य. आणि शून्याला पुढं कशानंही गुण! सगळा तालुका कोरडा! पाऊणकी घोकली नसती तर ही चूक माझ्याकडून अशी झाली नसती.

म्हणून आता आधी फूट गुणिले तीन आणि मग त्याला भागिले चार असं लिहिलंय. नवा कागद सोबत आहे. जपून पाड.

गुरुवारी भाऊसो पट्टीच्या नोंदी द्यायला आला होता. मी त्याला गमतीनं विचारलं की, अंदाजात पाऊण फूट इकडं तिकडं झालं तर काय बिघडतं हो. तो एकदम गंभीरच झाला. म्हणाला की, बाई, पाऊण फूट म्हंजे पानी उंबऱ्याशी हाय का चुलीत गेलंय, येवढा फरक हाय. तुमचा आकडा आला की आमी म्हातारी-कोतारी हलवायची का न्हाय ते ठरिवतो. मग चहा न घेताच गेला. मला मेलीला असली गंमत सुचतेच का!

तात्यांचं जेवण बरं आहे. डोळ्यांनी सगळं बोलतात. माई म्हणते तुला धणे-जिऱ्याची पूड पाठवायची आहे, डबा कुणाबरोबर पाठवू ते कळव.

उरलेले अर्धे आशीर्वाद बरोबर उत्तर आल्यावर देणारी,
कालिंदी

———

पुणे,
८ मार्च १९७९

ती. आक्कास कृतानेक नमस्कार, आणि उरलेले अर्धे आशीर्वाद टपालखर्च सोसून ताबडतोब पाठवणे.

जमलं! कागद सोबत आहे, जीव भरून बघ. शून्य एकही नाही. चाराला तीन, आठाला सहा, विसाला पंधरा, चाळिसाला तीस. मी स्वतः ताडून पाहिलं. आकडे कसे सरळ रांगेत उभे आहेत, जणू कवायतीला आलेली पोरं. आमच्या केंद्रातल्या मोठ्या बाईंनी विचारलं की हे कुणाचं, तर मी छाती फुगवून सांगितलं की माझ्या आक्काचं.

एक पाळी अजून तुझ्या खात्यावर शिल्लक आहे, ती आता लागायची नाही. साहेबांपुढं कागद ठेव आणि भंडारा नकाशावरून पुसून टाक. मला आज खूप हलकं वाटतंय आक्का. तू काही म्हणत नाहीस, पण तुला जावं लागलं असतं तर मला नोकरी सोडून यावं लागलं असतं, आणि खरं सांगायचं तर मला ती सोडवली नसती. असला स्वार्थी भाऊ तुझ्या वाट्याला आलाय.

डबा आपल्या गल्लीतल्या गुंडूबरोबर पाठव, तो येत्या रविवारी येतोय.

तुझ्या यशात आपलाही वाटा घुसडणारा,
त्र्यंबक

———

कोल्हापूर,
रविवार, १८ मार्च १९७९

चि. त्र्यंबक यास आशीर्वाद. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

दोन गोष्टी घडल्या आहेत. एक इतकी चांगली की काय सांगू, आणि एक वाईट, आणि दोन्ही एकाच मिनिटात घडल्या.

तक्ता मी सोमवारीच साहेबांना दिला होता. साहेब खूश. चौघांत पहिला माझा. त्यांनी सही केली, पाडव्यानंतर गावोगाव पाठवायला त्याच्या प्रती काढायचं ठरलं, माझं नाव कोल्हापूरच्या यादीत घालायला सांगितलं. कृष्णातनं स्वतःच्या पैशानं भजी आणली. आठवडाभर मी हवेत होते.

आज दुपारी तात्यांच्या बोटांची उघडझाप करून घेत होते. दर वेळी मी एक-दोन-तीन मोजते, आज म्हटलं आपला तक्ताच वाचून दाखवावा, तेवढंच त्यांना लेकीचं कौतुक. शेजारी माई तांदूळ निवडत होती. मी वाचलं, चाराला तीन. तात्या ऐकत होते. मी वाचलं, पाचाला तीन. तर त्यांनी डाव्या हातानं खाटेच्या लाकडावर थाप मारली. मला वाटलं पाणी हवंय. माईनं भांडं पुढं केलं, तर ते ढकललं. मी परत वाचलं, पाचाला तीन. पुन्हा थाप, आणि डोळे असे वटारले, जसे काट्यावर कुणी हात दाबून धरला की वटारायचे. तोंड वाकडं झालं, ओठ नुसते हलत राहिले, आणि त्र्यंबक, त्यांच्या तोंडून आवाज आला. पावणेचार, असं म्हणाले तात्या. स्पष्ट. पावणेचार!

माईच्या हातातलं सूप पडलं, तांदूळ खोलीभर. आम्ही दोघी रडत होतो आणि ते आमच्यावर चिडले होते, की पुढचं वाच. मी म्हटलं सहा. ते म्हणाले साडेचार. मी म्हटलं सात. म्हणाले सव्वापाच. आठ, तर सहा. मला थांबवेना रे, त्यांचा आवाज ऐकण्यासाठी मी नुसते आकडे म्हणत सुटले. माईचं नाव त्यांना घेता येत नाही, पाणी म्हणता येत नाही, पण पाऊणकी सगळी आली. धोंडुबाई शेजारून धावत आली, तिला वाटलं काही बरं-वाईट झालं.

आणि मग माझं लक्ष हातातल्या कागदावर गेलं. कागदावर पाचाला तीन, सहाला चार, साताला पाच. तुझा तो लाडू! यंत्रानं तुकडे टाकून दिलेत. गुणाकार आधी केला म्हणून शून्य टळलं, पण चारानं भागताना उरलेलं गेलंच. चारानं भाग जाणाऱ्या दहा ओळी बरोबर आहेत, बाकीच्या सत्तावीस खोट्या. आणि प्रत्येक खोटी ओळ कमी सांगते. एकही जास्त नाही. चाराची एक ओळ बरोबर दिसली की माणूस पुढच्या तीन तपासतच नाही. मी तपासल्या नाहीत. मापाड्याची मुलगी मी, आणि वजन न बघता पावती फाडली.

कुणाला काही कळलेलं नाही. कळणारही नाही, पावसाळ्यापर्यंत तरी. बोलले तर यादीतलं नाव जाणार, पंधरा एप्रिलपर्यंत एकच पाळी उरलीय आणि तीही चुकली तर भंडारा. आज तात्यांना आवाज फुटला, आणि मी त्यांना सोडून आठशे किलोमीटर लांब जायचं? मला फार भीती वाटतेय. पण भाऊसो ते चुलीचं बोलून गेलाय आणि ते माझ्या कानातून जात नाही. उद्या सकाळी साहेबांना सांगणार आहे. तुझं उत्तर यायच्या आत सांगून मोकळी होणार, म्हणजे तुला अडवता येणार नाही.

माझ्यासाठी देवाला काही म्हणायचं असेल तर म्हण,
कालिंदी

———

पुणे,
२१ मार्च १९७९

ती. आक्कास नमस्कार.

पत्र आत्ता मिळालं, उभ्या उभ्या वाचलं आणि तसाच लिहायला बसलो. तात्या बोलले! मी ते वाक्य खोलीतल्या तिघांना वाचून दाखवलं आणि मला पुढचं वाचता येईना, मग त्यांच्यातल्या एकानं वाचून पुरं केलं.

चूक माझी आहे. मी ताडून पाहिलं असं मोठ्या ऐटीत लिहिलं, आणि पाहिल्या कुठल्या ओळी, तर चार, आठ, वीस, चाळीस. तोंडी पटकन होणाऱ्या! लाडू मीच सांगितला आणि मीच विसरलो. मला माझीच लाज वाटते.

पण आक्का, तू अजून साहेबांना सांगितलं नसशील तर सांगू नकोस. ऐक माझं. बदल मी लिहून पाठवतो, तू त्याची नक्कल करून पाठव. येत्या बुधवारी तुझी तिसरी पाळी घेतो, बरोबर कागद रजिस्टरनं धाडतो. फाइलीतला जुना कागद काढून नवा घालायचा, प्रती अजून काढलेल्या नाहीत. गावांना बरोबरच आकडा जाईल, कुणाचं काही बिघडणार नाही आणि तुझं नाव यादीत राहील. यात खोटं काय आहे? तू गेलीस तर तात्यांचं काय होईल, याचा विचार कर. मी माझा विचार करून लिहीत नाही. थोडा करतोय, पण थोडाच.

उलट टपाली लिही,
त्र्यंबक

———

कोल्हापूर,
२४ मार्च १९७९

चि. त्र्यंबक यास पूर्ण, सबंध, न तुटलेले आशीर्वाद.

तुझं पत्र कालच्या टपालानं आलं आणि मी सोमवारीच सांगून बसले होते. सांगायच्या आधी आलं असतं तर मी ऐकलं असतं की काय, कुणास ठाऊक. वाचताना तसं वाटलं खरं. टपालखात्याचे उपकार. तुझ्यावर राग नाही, वेड्या. तू माझ्यासाठीच लिहिलंस हे कळतं.

सोमवारी सकाळी साहेबांच्या टेबलाशी उभी राहिले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं, नाहीतर जमलं नसतं. साहेबांनी चष्मा लावला, कागद घेतला, पेन्सिलीनं पाच, सहा, सात असं करत सगळ्या ओळींवर गेले. मधे एकदाही वर बघितलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं की हे शोधलं कुणी. मी म्हटलं आमच्या तात्यांनी, आणि मग तात्यांचं सगळं सांगताना मला रडूच आलं. भर ऑफिसात, कृष्णातच्या देखत!

साहेबांनी आधी शिपायाला बोलावून प्रती काढायचं थांबवलं. मग माझ्या नावावर यादीत पेन्सिलीनं आडवी रेघ मारली. ती मी बघितली. मग म्हणाले की, मी बी सही केलती की न बघता, तवा तू एकटीच येडी न्हाईस. तिसरी पाळी हाय न्हवं अजून? मग रडतीस कशापायी? पर पंधरा तारखेपातूर बरोबर आलं न्हाय, तर माझ्या हातात काय न्हाय बग. पुढं असंही म्हणाले की ह्यो कागद गावात गेला असता तर पावसाळ्यात मला भाऊसोपुढं उभं ऱ्हाता आलं नसतं. बाहेर आले तर कृष्णात पाण्याचा ग्लास घेऊन उभा. त्याची स्वतःची आज्ञावली अजून शून्यांवर अडकलीय.

बदल तू लिहून पाठवू नकोस, मला सापडला. वर्गाची वही काढून बसले. यंत्रात आकडा ठेवायचे दोन डबे असतात, एक नुसत्या पूर्ण आकड्यांचा आणि एक दशांशाचा. माझ्या ओळी मोजणारा आकडा पूर्णांच्याच डब्यात होता, उत्तरही मी त्याच डब्यात ठेवलं, मग तुकडे राहणार कुठं! आता फुटांचा आकडा आधी दशांशाच्या डब्यात उतरवून घेतलाय, मग त्याला शून्य दशांश सात पाचनं गुणलंय, आणि उत्तर छापताना दशांशानंतर दोन घरं ठेवलीत. तीन ओळींचा फरक. कागद तात्यांपुढं धरून प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचली. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण थाप मारली नाही.

आता शेवटची पाळी. मी सगळीकडं हसून बोलते, पण रात्री उठून वही पुन्हा उघडते. तक्ता आला की सदतीसच्या सदतीस ओळी तपासायच्या, समजलं? तोंडी नाही. कागदावर.

वाट बघणारी,
कालिंदी

———

पुणे,
५ एप्रिल १९७९

ती. आक्कास साष्टांग नमस्कार, खरोखरचा, जमिनीला डोकं टेकून.

उशीर झाला, कारण यंत्राच्या खोलीतलं गार हवेचं यंत्र बिघडलं आणि चार दिवस सगळंच बंद. त्या चार दिवसांत मी किती देवांची नावं घेतली ते विचारू नकोस, काही तर मला माहीतही नव्हते. काल दुपारी पाळी लागली. कार्डं पाडून झाल्यावर तुझ्या कागदाशी दोनदा ताडली. छपाई सुरू झाली तेव्हा मी डोळे मिटून उभा होतो. शेवटी मोठ्या बाईंनीच वाचून दाखवलं, पाचाला तीन दशांश सात पाच.

पावणेचार, आक्का! साताला सव्वापाच, नवाला पावणेसात, दहाला साडेसात! सदतीस ओळी मी पेन्सिलीनं करून बघितल्या, मग मोठ्या बाईंनी वेगळ्या कागदावर केल्या, मग दोन्ही जुळवल्या. एकही चुकीची नाही. कागद आजच रजिस्टरनं पाठवतोय, हे पत्रही त्यातच आहे.

तुझं चोवीस तारखेचं पत्र मी जपून ठेवलंय. कागद बदलायचं जे मी लिहिलं होतं ते मात्र तू फाडून टाक. मे महिन्यात पंधरा दिवस रजा घेऊन येतोय. तात्यांना उचलायला मला शिकव. आजवर तू ते कसं करतेस हे मी एकदाही नीट बघितलेलं नाही, नुसता दारात उभा राहिलोय.

तुझाच, आणि आता तुकड्यांसकट,
त्र्यंबक

———

कोल्हापूर,
१२ एप्रिल १९७९

चि. त्र्यंबकास माईचे पोटभर आशीर्वाद.

कालिंदी ऑफिसात गेली आहे, म्हणून मीच लिहिते. माझं अक्षर बघून हसू नकोस, तुझंही काही मोठं वळणदार नाही. तुझा कागद सोमवारी आला. साहेबांनी तो ऑफिसातल्या दोघांकडून वेगवेगळा तपासून घेतला आणि काल त्यांनी तिच्या हातात टाइप केलेला हुकूम दिला. कोल्हापूर. पुन्हा वाचून घे, कोल्हापूर. आणि आणखी असं की, यंत्रावरून येणारा प्रत्येक तक्ता बाहेर जाण्याआधी तिनं तपासून सही करायची. त्या कृष्णातचे शून्यही हिनंच शोधून दिले, त्याचंही जमलं बिचाऱ्याचं. बाकीच्या दोघांचं अजून ठरायचंय.

तात्यांचं म्हणशील तर डॉक्टर म्हणाले की जन्मभर तोंडात बसलेलं असं कधी कधी आधी परत येतं, बाकीचं मागनं येईल, धीर धरा. सध्या सगळा कारभार आकड्यांत चालतो. चहा हवा असला की अर्धा म्हणतात, आणि मी अर्धा दिला की रागावून सव्वा म्हणतात. मला अजून हाक मारत नाहीत. मारतील. मला घाई नाही.

आता एक गोष्ट, जी पोरीनं तुला लिहिली नसणार, आणि मी सांगितली हे तिला कळवू नकोस. ज्या दिवशी साहेबांनी तिच्या नावावर रेघ मारली, त्या दिवशी ती घरी आली ती हसत आली. मला म्हणाली सगळं ठीक होईल माई. आणि माझी पाठ वळल्यावर माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढून तिनं भरायला घेतली. साड्या, घोंगडी, स्टोव्ह, सगळं. कपाटाच्या दाराला आतून एक मोठा कागद चिकटवला, तात्यांना कसं उचलायचं, कुठं हात धरायचा, कुठल्या बोटापासून सुरुवात करायची, औषध कधी, असं सगळं नंबर घालून. वरती धोंडुबाईचं नाव. तिला वाटलं मला दिसलं नाही. मी तीन आठवडे ते दार उघडत होते आणि बंद करत होते, आणि एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर दोघींचाही बांध फुटला असता.

काल हुकूम घेऊन आली ती आधी तात्यांच्या पायाशी बसली. मग उठून कपाटाजवळ गेली आणि तो कागद ओढून काढला. दाराचा थोडा रंगही निघाला त्याच्याबरोबर. मी आत गेले, ट्रंक उघडली, तिच्या साड्या काढून खुंटीवर टाकल्या आणि आज सकाळी त्यात वर्षाचे गहू भरून टाकले. आता कुणी हलवायचं म्हटलं तरी ती हलायची नाही.

मे महिन्यात येशील तेव्हा येताना कडुनिंबाचा वाळका पाला आण, गव्हात घालायला. माया आहेच, ती पत्रात किती मावणार!

तुझी,
माई